चाचणी कशी घेतली, ते आधी सांगा

मशीन लर्निंगवरचे जे लेख आमच्याकडे येतात, त्यांत ‘९९ टक्के अचूकता’ हा आकडा इतका नेहमीचा झाला आहे की त्यापाशी आता कुणी थांबत नाही. थांबायला हवे. पंप, टर्बाइन, नदी आणि हवा यांच्याशी ज्यांची रोज गाठ पडते, त्यांना नुसत्या आकड्याचा उपयोग नाही. तो कोणत्या चाचणीतून आला हे कळेपर्यंत त्याच्या भरवशावर एक बेअरिंगही बदलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बेअरिंगचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने नोंदवलेला कंपनांचा डेटा जगभर वापरला जातो. २ अश्वशक्तीची मोटर, तिच्या बेअरिंगमध्ये स्पार्क इरोजनने मुद्दाम पाडलेले ०.००७ इंच आणि त्याहून मोठ्या व्यासाचे खड्डे, आणि सेकंदाला १२ हजार किंवा ४८ हजार नोंदी. पुष्कळ अभ्यासांत पुढे असे होते: एका बेअरिंगची सलग नोंद घ्यायची, तिचे हजार-दोन हजार नोंदींचे तुकडे पाडायचे, ते आपसांत मिसळायचे, काहींवर मॉडेल शिकवायचे आणि उरलेल्यांवर तपासायचे. दोन्हीकडचे तुकडे त्याच बेअरिंगचे, त्याच बसवणुकीचे, त्याच काही सेकंदांतले. ही सरळसरळ पेपरफुटी आहे. मॉडेलने दोष ओळखला, की ते बेअरिंग कसे बसवले होते तेवढेच ओळखले, हे अशा चाचणीतून कळू शकत नाही.

याची पडताळणी करायला यंत्रशास्त्र हाताशी आहे. त्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर खड्डा असेल, तर शाफ्टच्या एका फेऱ्यात सुमारे ३.५८ ठोके पडतात. मिनिटाला १७९७ फेरे असतील, तर सेकंदाला साधारण १०७. स्मिथ आणि रँडल यांनी २०१५ मध्ये हा सगळा डेटा रूढ पद्धतींनी तपासला, तेव्हा काही नोंदींत दोषाची अपेक्षित खूण सापडलीच नाही. अशा नोंदींवरही एखादे मॉडेल बिनचूक उत्तर देत असेल, तर कौतुकाआधी शंका घ्यावी. उपाय साधा आहे. तुकडे वेगळे ठेवू नका, आख्खे बेअरिंग वेगळे ठेवा. आकडा खाली येईल, पण तो खरा असेल.

ही केवळ बेअरिंगवाल्यांची अडचण नाही. सायश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १७ ज्ञानशाखांमधील २९४ शोधनिबंधांना अशा पेपरफुटीची बाधा झालेली दिसली.

नीट चाचणी कशी असते, हे हवेच्या क्षेत्रात पाहायला मिळते. पीएम २.५ मोजणारे स्वस्त सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर धूळ आहे त्याहून जास्त दाखवतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील संशोधकांनी पर्पलएअर सेन्सरसाठी २०२१ मध्ये जी दुरुस्ती मांडली, ती एका ओळीची आहे: सेन्सरचे वाचन गुणिले ०.५२४, वजा सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी गुणिले ०.०८६२, अधिक ५.७५. याहून गुंतागुंतीची सूत्रेही त्यांनी तपासली होती. महत्त्वाची आहे ती तपासणीची रीत. एकेका राज्याचा डेटा पूर्ण बाजूला ठेवून उरलेल्या राज्यांवर सूत्र बसवले आणि बाजूला ठेवलेल्या राज्यावर ते पारखले. तारखांच्या बाबतीतही तसेच केले. मुंबईत जानेवारीत जुळवलेला सेन्सर जुलैत काय दाखवेल, याचे उत्तर जानेवारीच्याच उरलेल्या दिवसांवर तपासून मिळणार नाही. त्यासाठी पावसाळा वेगळा ठेवावा लागतो.

पुराच्या अंदाजात तर चुकीची किंमत गावांना मोजावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २००५ च्या महापुरातही पाणी इतके चढले नव्हते. आता समजा, २०१८ पर्यंतच्या नोंदींवर कुणी रँडम फॉरेस्टला थेट पातळी सांगायला शिकवले आहे. ही पद्धत शिकलेल्या उत्तरांची सरासरी काढते. त्यामुळे त्या नोंदींतल्या सर्वांत उंच पातळीच्या वर तिचे उत्तर जाऊच शकत नाही. पाऊस कितीही पडो. तासातासाच्या नोंदी मिसळून घेतलेल्या चाचणीत ही मर्यादा दिसत नाही, कारण दुपारी दोनची पातळी माहीत असली की तीनची सांगणे कठीण नसते. २०१९ चा आख्खा पूर झाकून ठेवला, की ती लगेच दिसते.

आणखी दोन गोष्टी इथे तपासायला हव्यात. शिकवताना प्रत्यक्ष पडलेला पाऊस वापरला जातो, पण अंदाज देण्याच्या दिवशी हाती असतो तो पावसाचा अंदाज. मग चाचणीही त्यावरच घ्यावी. दुसरी गोष्ट धरणांची. कोयना आणि वारणेचे दरवाजे किती उघडायचे हे माणसे ठरवतात. तो विसर्ग मॉडेलला कळवला नाही, तर ते नदीच्या नावाखाली जुन्या निर्णयांचा सरासरी नमुना शिकते.

शेवटी प्रश्न येतो तो इशाऱ्यावर कामाला लागणाऱ्या माणसाचा. एखाद्या कारखान्यात २०० पंप असतील आणि प्रत्येकाची तासाला एक तपासणी होत असेल, तर दिवसाला ४८०० तपासण्या होतात. त्यांतल्या एक टक्क्यात जरी खोटा इशारा आला, तरी रोज ४८ इशारे. मेंटेनन्सची माणसे आठवडाभर धावतील, नंतर अलार्म बंद करतील. त्यांचा दोष नाही. खरा बिघाड क्वचितच होतो, हे मॉडेल बनवणाऱ्याने हिशेबात धरायला हवे होते.

म्हणून पुढच्या अंकापासून मशीन लर्निंगवरच्या प्रत्येक लेखात आम्ही तीन गोष्टी मागणार आहोत. पहिली, चाचणीसाठी नेमके काय वेगळे ठेवले: यंत्र, जागा, ऋतू की वर्ष? दुसरी, ‘आताची पातळी तशीच राहील’ किंवा एका ओळीचे सूत्र अशा साध्या पद्धतीपेक्षा मॉडेल किती सरस ठरले? तिसरी, इशारा आल्यावर कोण, किती वेळात, काय करणार, आणि खोट्या इशाऱ्याची किंमत किती? यांची उत्तरे नसतील, तर लेख स्वीकारला जाणार नाही.

यामुळे छापले जाणारे आकडे कमी देखणे होतील, याची आम्हाला कल्पना आहे. नव्या यंत्रावर ९९ चे ७५ झाले, तर तेच लिहून पाठवा, आणि कुठे चुकले तेही लिहा. दुसऱ्या कारखान्यातल्या, दुसऱ्या खोऱ्यातल्या अभियंत्याला त्या ७५ चाच आधार घेता येतो. या क्षेत्रावर आमचा विश्वास आहे आणि तो विश्वास शॉप फ्लोअरवर टिकावा, एवढ्याचसाठी हा आग्रह आहे.