मोतीबिंदूच्या आड पीतबिंदूचा ऱ्हास

बोरिवली असो वा मुलुंड, अंधेरी असो वा घाटकोपर, मुंबईच्या उपनगरांत मोफत नेत्रतपासणी शिबिरांचे फलक वर्षभर झळकत असतात. गणेशोत्सव मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, राजकीय पक्षांच्या शाखा आणि सेवाभावी संस्था ही शिबिरे भरवतात. तेथे चष्म्याचा नंबर तपासला जातो आणि मोतीबिंदू आढळल्यास शस्त्रक्रियेची तारीख दिली जाते. या व्यवस्थेने असंख्य वृद्धांना दृष्टी परत मिळवून दिली, हे निर्विवाद आहे. मात्र याच चाळणीतून एक विकार सहज निसटू शकतो. वाढत्या वयाबरोबर दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा होणारा ऱ्हास, अर्थात ‘एज रिलेटेड मॅक्युलर डिजनरेशन’, हा तो विकार होय.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी जेमतेम साडेपाच मिलिमीटर व्यासाचा पीतबिंदू असतो. वाचन, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे या इवल्याशा भागावर अवलंबून असतात. पन्नाशीनंतर काहींच्या दृष्टिपटलाखाली ‘ड्रुसेन’ नावाचे पिवळसर कण साचू लागतात आणि दृष्टिपटलाचे पोषण करणारा रंजकपेशींचा थर झिजत जातो. हा विकाराचा ‘कोरडा’ प्रकार. बहुसंख्य रुग्णांत तोच आढळतो आणि तो वर्षानुवर्षे धिम्या गतीने वाढतो. दहापैकी एखाद-दुसऱ्या रुग्णात मात्र पीतबिंदूखाली नाजूक, अनैसर्गिक रक्तवाहिन्या तयार होतात व त्यांतून रक्त आणि द्रव पाझरतो. हा ‘ओला’ प्रकार वेळीच रोखला नाही, तर काही आठवड्यांत वा महिन्यांत मध्यवर्ती दृष्टी कायमची जाऊ शकते.

विलंब नेमका कोठे होतो?

या विकारात बाजूची दृष्टी शाबूत राहते. रुग्ण घरात वावरतो, स्थानकाचा जिनाही चढतो. परंतु इंडिकेटरवरील अक्षरे वा बसचा क्रमांक त्याला वाचता येत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढत असल्याने ती बराच काळ ध्यानातच येत नाही. आलीच, तर ‘मोतीबिंदू पिकला असेल’ असा निष्कर्ष घरातच काढला जातो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही महिने लांबली तरी बहुधा दृष्टीचे कायमचे नुकसान होत नाही. ओल्या प्रकारात तेवढीच प्रतीक्षा महागात पडते. मोतीबिंदूत दृश्य धूसर होते. पीतबिंदूच्या विकारात सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. खिडकीचे गज, दाराची चौकट वा फरशीच्या रेषा वाचनाच्या चष्म्यासह, एकेक डोळा झाकून पाहिल्यास हा दोष घरच्या घरी जाणवू शकतो. चौकटींचा ‘अॅम्स्लर ग्रिड’ नावाचा तक्ता याच तत्त्वावर आधारलेला आहे.

सरकारी धोरणाचा भरही आजवर मोतीबिंदूवरच राहिला, आणि त्याला कारणही तसेच आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणातही पन्नाशीपुढील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. मात्र मोजमापाची पट्टीही लक्षात घ्यायला हवी. २०१७ मध्ये अंधत्वाची भारतीय व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी जुळवून घेण्यात आली आणि अंधत्वाची मर्यादा ६/६० वरून ३/६० झाली. त्यामुळे वर्तमानपत्र वाचण्याची क्षमता गमावलेला वृद्धही अंधांच्या गणनेत येईलच असे नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ‘अल्पदृष्टी’ची स्वतंत्र नोंद आहे, पण अशा किती कुटुंबांना तिची माहिती असते?

इंजेक्शन एक नव्हे, अनेक

ओल्या प्रकारावरील उपचारांचे चित्र २००६ मध्ये पालटले. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या ‘रॅनिबिझुमॅब’ला त्या वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली. कर्करोगावरील ‘बेव्हॅसिझुमॅब’ हे औषधही डोळ्यासाठी जवळपास तितकेच गुणकारी असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले. ते कित्येक पटींनी स्वस्त पडते. कारण कर्करोगासाठीच्या चार मिलिलिटरच्या कुपीतून डोळ्याला लागते ती अवघी ०.०५ मिलिलिटर मात्रा. परंतु एका कुपीतून अनेक सिरिंज भरताना निर्जंतुकतेत त्रुटी राहिल्यास संसर्गाचा धोका संभवतो. अहमदाबादमध्ये जानेवारी २०१६ मध्ये या इंजेक्शननंतर अनेक रुग्णांच्या डोळ्यांना इजा झाली. केंद्रीय औषध नियंत्रकांनी त्याचा डोळ्यांसाठी वापर टाळण्याची सूचना काढली. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांच्या आग्रहानंतर मार्चमध्ये ती मागे घेण्यात आली. स्वस्त औषध हवेच, पण ते सुरक्षितपणे भरण्याची शिस्तही हवी, हा त्या प्रकरणाचा धडा. दरम्यान, २०१५ पासून रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची जैवसमान आवृत्तीही उपलब्ध झाली आहे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया प्रत्येक डोळ्याला साधारणतः एकदाच करावी लागते. येथे मात्र सुरुवातीला दरमहा एक याप्रमाणे तीन इंजेक्शने आणि पुढे स्कॅन पाहून अनेक वर्षे पाठपुरावा करावा लागतो. प्रत्येक खेपेला सोबत कुणीतरी हवे, म्हणजे मुलाची वा सुनेची रजा आली. खेपा चुकल्या की कमावलेली दृष्टी पुन्हा घटते. विमा नियामकाने २०१९ मध्ये डोळ्यातील इंजेक्शनांचा समावेश आधुनिक उपचारांच्या यादीत केल्याने आरोग्य विम्यातून ती सरसकट वगळता येत नाहीत. तथापि, पॉलिसीतील रकमेची मर्यादा आधी तपासणे शहाणपणाचे.

कोरड्या प्रकारात धूम्रपान सोडणे हा सर्वांत ठोस प्रतिबंध. मध्यम टप्प्यातील रुग्णांत विशिष्ट जीवनसत्त्वे व जस्ताच्या मिश्रणामुळे विकार बळावण्याची जोखीम पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे २००१ च्या अमेरिकी अभ्यासात दिसले. मात्र अशा गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

उपनगरांत शिबिरे भरवण्याची सवय आहे, माणसे आहेत आणि विश्वासही आहे. त्याच शिबिरात अॅम्स्लरचा तक्ता ठेवणे, संशयित रुग्णाला त्याच आठवड्यात दृष्टिपटलतज्ज्ञाकडे पाठवणे, आणि कूपर वा राजावाडीसारख्या पालिका रुग्णालयांत ठरावीक वारी स्कॅन व इंजेक्शनाची हमी देणे, यासाठी नवी योजना लागत नाही. पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या उपचाराला घराजवळ जागा मिळाली नाही, तर अनेक वृद्धांची दृष्टी औषध उपलब्ध असूनही, केवळ प्रवासाच्या दगदगीपायी जाईल.