पेठच्या अंगणातील फुलझाडांचे वर्ष

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या पेठ तालुक्यात वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जमीन उताराची आणि मुरमाड असल्याने पाणी थांबत नाही, आणि मार्चनंतर विहिरी खोल जातात. त्यामुळे इथल्या अंगणातल्या फुलझाडांची लागवड दोन गोष्टींवर ठरते : पावसाची उघडीप आणि फूल हवे असलेला दिवस.

मृग नक्षत्रात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, तेरड्याचे बी टाकतात. सह्याद्रीच्या उतारांवर आपोआप उगवणारे हे झाड पाऊस सोसते आणि भाद्रपदातल्या गौरींपर्यंत फुलते. मोगऱ्याची व शेवंतीची नवी रोपेही पावसाच्या सुरुवातीलाच लावतात, म्हणजे मुळे धरायला चार महिने मिळतात. शेवंतीला कळी दिवस लहान होऊ लागल्यावरच धरते. लवकर लावल्याने ती लवकर फुलत नाही, पण झुडूप मोठे होऊन मार्गशीर्षात फुले भरपूर मिळतात.

झेंडूचा हिशेब दसऱ्यापासून मागे करावा लागतो. बी टाकल्यापासून फुले यायला साधारण ६५ ते ७५ दिवस लागतात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणून बी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पडायला हवे होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे दसरा २० ऑक्टोबरला येतो, तेव्हा ऑगस्टचा पहिला आठवडा योग्य. शेंडा खुडायचा असेल तर आणखी आठ-दहा दिवस आधी पेरावे, कारण खुडल्याने फांद्या वाढतात पण फूल लांबते.

नेमक्या याच दिवसांत पेठमध्ये भात-नागलीची आवणी चालू असते आणि घरातले सगळे हात शेतात गुंतलेले असतात. म्हणून झेंडूचे रोप घराजवळच तयार करणे सोयीचे. उघड्यावर बी वाहून जाते आणि साचलेल्या पाण्यात कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. वीतभर उंचीचा गादीवाफा किंवा पागोळ्यांपासून दूर, आडोशाला ठेवलेली कुंडी हे दोन्ही धोके टाळते. तीन-चार आठवड्यांची रोपे उघडीप पाहून हातभर अंतरावर लावावीत.

हस्ताचा पाऊस ओसरला की गुलाबाची छाटणी करावी. ॲस्टर, फ्लॉक्स, पिटुनिया व कॅलेंडुला यांचे बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये टाकून रोपे नोव्हेंबरमध्ये हलवावीत. उशीर झाला तर फुलोरा उन्हात सापडतो आणि लवकर संपतो. डिसेंबरमध्ये मोगऱ्याचे पाणी काही दिवस तोडून छाटणी केली, की नव्या फुटीवर मार्चपासून कळ्या धरतात.

उन्हाळ्यात नवी लागवड शक्यतो करू नये. जिथे माणसांना आणि गुरांना पाणी पुरवून वापरावे लागते, तिथे सदाफुली व गलांडा ही काटक झाडेच योग्य. त्यांच्या बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे व धुण्याभांड्याचे कमी साबणाचे पाणी द्यावे. मे महिन्यात वाफे खणून तापू द्यावेत, शेणखत मिसळावे आणि मागच्या हंगामातले वाळवलेले बी निवडून ठेवावे. एवढी तयारी असली तर मृगाच्या पहिल्या उघडिपीतच पेरणी होते आणि पुढचा कोणताही हंगाम चुकत नाही.