जत्रेचे नाटक आणि आपला कॅमेरा

कार्तिक उजाडला की पेडणे-डिचोलीकडील देवळांतून जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि रात्री पालखीनंतर दशावतारी नाटक उभे राहते. परप्रांतांतून गावी आलेल्या कुटुंबांच्या हाती आता उत्तम डिजिटल कॅमेरे असतात. परंतु नट रंगमंचावर येताच फ्लॅशचा लखलखाट सुरू होतो, याचे आम्हांस वाईट वाटते.

दशावतारी नटापुढे लिखित संहिता नसते. कथेचा धागा मनात धरून तो संवाद जागच्या जागी रचीत असतो. डोळे दिपले की त्याचे अनुसंधान सुटते. शिवाय छायाचित्रही साधत नाही. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा प्रकाश चौथाईच पोहोचतो. मागच्या रांगेतून तो व्यर्थ, तर जवळून चेहऱ्याचा रंग पांढराफटक.

त्यापेक्षा ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घ्यावी. एफ ५.६ वरील झूम लेन्सपेक्षा ती सुमारे १० पट प्रकाश आत घेते. आयएसओ १६०० ते ३२०० ठेवावा. संवादाच्या वेळी शटर १/१२५ सेकंद पुरते. युद्धप्रसंगी मात्र १/५०० हवे. मागे काळोख असला की कॅमेरा फसून चेहरे फाजील उजळतो. तेव्हा एक्स्पोजर एक पायरी उतरवावे.

चित्रात थोडे दाणे दिसतील, दिसोत. संकासुराचा काळा वेश रंगमंचावरच्या दिव्यांत आपण जसा पाहिला, तसाच तो नातवंडांनाही दिसावयास हवा.