घड्याळ पावलं मोजत नाही!

"आज किती झाली?" हा प्रश्न हल्ली होस्टेलात अभ्यासाबद्दल नसतो, पावलांबद्दल असतो. ज्याच्या मनगटावर स्पोर्ट्स वॉच आहे तो झोपण्याआधी आकडा बघतो आणि 10,000 ला दोन-तीनशे कमी पडले तर व्हरांड्यात येरझाऱ्या घालतो. चालणं चांगलंच, त्याला माझा विरोध नाही. माझा आक्षेप आहे तो त्या आकड्यावर डोळे झाकून ठेवलेल्या विश्वासाला. मित्रांनो, पहिल्या वर्षी व्हर्नियर कॅलिपर हातात घेतलं की आपण आधी झिरो एरर बघतो. मग मनगटावरच्या यंत्रालाच ही सूट का?

हे यंत्र नेमकं करतं काय? त्यात अ‍ॅक्सेलेरोमीटर नावाचा इवलासा सेन्सर असतो. तो तीन दिशांमधलं त्वरण मोजतो. आपण चालताना हात झुलतो, शरीराला हिसका बसतो आणि आलेखावर एकामागे एक शिखरं उमटतात. माणूस साधारण चालीत मिनिटाला 100 ते 120 पावलं टाकतो, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. या लयीत बसणारी, ठरावीक उंचीच्या वरची शिखरं दिसली की प्रोग्रॅम म्हणतो, "हे पाऊल." थोडक्यात, घड्याळ पावलं मोजतच नाही. ते मनगटाची हालचाल मोजतं आणि पावलांचा अंदाज बांधतं.

हात मोकळे सोडून सपाट रस्त्यावर झपझप चाललात, तर हा अंदाज बराच बरोबर येतो. जपानच्या औद्योगिक मानकात पावलं मोजणाऱ्या यंत्राला 100 पावलांमागे 3 पावलांची चूक चालते. चांगलं घड्याळ अशा चालीत त्याच्या आसपास राहू शकतं. घोटाळा होतो तो इतर वेळी. भजनात बसून टाळ वाजवणाऱ्याच्या खात्यात बसल्या जागी पावलं जमा होऊ शकतात. भाकरी थापणाऱ्या मावशींचंही तेच. उलट डोक्यावरचा हंडा हाताने धरून चालणाऱ्या बाईची पावलं गळतात. अगदी हळू चाललं तरी गळतात. शिवाय खोटी मोजणी टाळण्यासाठी बरीच घड्याळं काही पावलं सलग पडेपर्यंत वाट बघतात. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून चुलीपर्यंतच्या तीन-चार पावलांच्या फेऱ्या हिशोबात येतीलच असं नाही.

हे मला पुस्तकात कळलं नाही, शेतात कळलं. माझं गाव उंद्री, तालुका चिखली. मागच्या पावसाळ्यात सुट्टीवर गेलो तेव्हा सोयाबीनमध्ये डवरणी चालू होती. मी माझं घड्याळ बाबांच्या मनगटावर बांधलं. दुपारी जेवायला बसलो तेव्हा पाहतो तर त्यांच्या चालण्याच्या मानाने आकडा अगदीच किरकोळ. बाबा हसून म्हणाले, "तुयं घड्याय झोपलं काय रे?"

झोपलं नव्हतं. डवऱ्यामागे चालणाऱ्याचा हात मुठीवर दाबलेला असतो, तो झुलत नाही. चालही बैलांची. सेन्सरच्या दृष्टीने माणूस उभाच!

आता आपल्या पद्धतीने हिशोब करू. एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. सोयाबीनच्या दोन ओळींत 45 सें.मी. अंतर धरा. 4,047 भागिले 0.45, म्हणजे जवळपास 9,000 मीटर. एका डवऱ्याने एकेक तास घेत गेलं तर एका एकराला नऊ किलोमीटर चालणं होतं. 60 सें.मी.चं पाऊल धरलं तर 15,000 पावलं, वळणं वेगळी. बैलजोडीला दोन डवरे असले तर मागे दोन माणसं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला निम्मं. तेही ओल्या काळ्या मातीत, पायाला चिखलाचे गोळे चिकटलेले असताना.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला कशाला हवंय घड्याळ? पण गोष्ट घड्याळाची नाही, आकड्याच्या वजनाची आहे. काही आरोग्य विमा योजनांमध्ये आता रोजच्या पावलांवर सवलत मिळते. चालण्याच्या स्पर्धांमध्ये बक्षिसं याच आकड्यावर ठरतात. म्हणजे हात झुलवत फिरणारा 'अ‍ॅक्टिव्ह' आणि डवरा धरणारा, हातगाडी ढकलणारा, पाटी वाहणारा 'आळशी'! यंत्राला जे दिसत नाही ते घडलंच नाही, असं आपण समजायला लागलो तर ती चूक सेन्सरची नाही, आपली आहे.

आणि ज्या 10,000 साठी ही धडपड, तो आकडा तरी कुठला? 1965 साली जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं एक यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई', अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर'. विकण्यासाठी निवडलेलं ते सुटसुटीत नाव पुढे जगाचं उद्दिष्ट होऊन बसलं. 2019 साली हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रोज सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं आणि 7,500 च्या आसपास फायदा स्थिरावला. तेव्हा 9,800 वर झोप लागली तर आभाळ कोसळत नाही.

मग घड्याळ फेकून द्यायचं का? मुळीच नाही. एकच माणूस, एकच मनगट, तेच घड्याळ असेल तर कालच्या आणि आजच्या आकड्याची तुलना कामाची आहे. दोन वेगळ्या माणसांची मात्र करू नका. ग्राउंडवर जाऊन तोंडाने मोजत 500 पावलं चाला आणि घड्याळ काय म्हणतं ते लिहून ठेवा. मग हात खिशात घालून, नंतर दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन तेच करा. आपल्या यंत्राची चूक आपल्याला माहीत असली पाहिजे. हात गुंतलेले असतील तेव्हा मोबाईल पँटच्या खिशात ठेवा. पाय हलतो, तर खिसाही हलतो.

आणि फायनल इयरच्या मित्रांना एक विनंती. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर डवऱ्यामागची पावलं बरोबर मोजणारं काहीतरी बनवा. सेन्सर स्वस्त आहे, घोट्याला बांधता येतो. चाचणीसाठी शेत लागलं तर उंद्रीला या. भाकर आमच्याकडे!