नंदीची दोरी

आमच्या सिंदीला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाकांचे लाकडी नंदी ओढीत मिरवतात. लहानपणी धाकटीने दोरी धरली, तर आजी म्हणाली, "अगं, हे पोरांचं काम!"

लग्नानंतर धाकटी रियाधला गेली. मोटार नागपुरातच शिकलेली; पण तिकडे बायकांना मनाई. एका रात्री मूल तापाने फणफणले. यजमान फिरतीवर, मोटार दाराशी उभी, आणि ही शेजाऱ्यांची दारे ठोठावते आहे!

२४ जून २०१८ रोजी ती मनाई उठली. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने. जुनी सवय मोडून धाकटीने परवाना मिळवलाच. फोनवर म्हणाली, "ताई, दोरी हाती आली गं!"

तिच्या बोजाऱ्याचा रुपया मी देव्हाऱ्यात आजीच्या तसबिरीपुढे ठेवला आहे.