होम थिएटर पाच हजार वॅटचं, अर्थिंग शून्य!

डीजेवर सगळेच बोलतात. गणपती आले की डेसिबल, पोलीस, कोर्टाचे आदेश, सगळं निघतं. निघालंच पाहिजे. पण आज मला घरातल्या पेटीवर बोलायचं आहे.

तेंदूपत्त्याची मजुरी हाती आली, धानाचे चुकारे जमा झाले की सिंदेवाहीपासून सिरोंचापर्यंत कितीतरी घरांत नवं होम थिएटर येतं. यावं ना! गाणं काय फक्त शहरवाल्यांनीच ऐकावं? माझा राग पेटीवर नाही. ती ज्या बोर्डात आपण खुपसतो, त्या बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकावर आहे. त्या भोकामागे कितीतरी घरांत वायरच नसते. भोक नुसतं शोभेला.

दुकानात आपण काय विचारतो? "किती वॅटचा आहे जी?" डब्यावर लिहिलेलं असतं पीएमपीओ ५०००. हा आकडा निव्वळ जाहिरातीचा. पेटी उलटी करा, मागची पट्टी वाचा. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर आत जाते २४ वॅट वीज. २४ वॅट आत घालून ५००० बाहेर काढणारं यंत्र अजून जगात निघालेलं नाही. आवाजाचा खरा आकडा आरएमएस. तो विचारा, आणि त्यापुढे अर्थिंगचं विचारा. ते कोणीच विचारत नाही.

मी पत्रकार आहे, इलेक्ट्रिशियन नाही. पण गोष्ट सोपी आहे. लोखंडी पेटीच्या ॲम्प्लिफायरमध्ये उंदराने वायर कुरतडली, फेज पेटीला लागला, तर पूर्ण पेटी २३० व्होल्टवर जाते. अर्थिंग असेल तर करंटला जमिनीकडे वाट मिळते आणि आरसीसीबी असेल तर ती लगेच ट्रिप होते. अर्थिंग नसेल तर ती पेटी गुपचूप वाट पाहते. कुणाच्या तरी हाताची. नुकतंच सारवलेल्या ओल्या जमिनीवर उभ्या पोराच्या हाताची. माइकचं लोखंडही त्याच पेटीला जोडलेलं असतं. "माइक चावते" म्हणून आपण हसतो ना, ते हसण्यासारखं नाही.

त्यावर आपले उपाय पाहा. स्पीकरमधून 'हूंऽऽ' आवाज येतो म्हणून तिसरी पिनच तोडून टाकायची! नाहीतर वायरमन न्यूट्रलचीच वायर अर्थच्या भोकात जोडून देतो, "झालं अर्थिंग." त्या घराचा न्यूट्रल कुठे तुटला तर चालू असलेल्या पेटीच्या अंगावर थेट फेज येतो. हे अर्थिंग नाही, सापळा आहे.

आता मुख्य मुद्दा. दुर्घटना झाली की साहेब लोक म्हणतात, "लोकच निष्काळजी आहेत." थांबा साहेब. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की ग्राहकाच्या जागेत, वीज सुरू होते त्या ठिकाणाजवळ, अर्थिंगचं टर्मिनल पुरवठादाराने द्यायचं आणि सांभाळायचं. २०२३ मध्ये नियम नव्याने आले, म्हणून ही जबाबदारी ग्राहकाच्या डोक्यावर ढकलता येत नाही. घरातली वायरिंग आपली, हे मान्य. पण मीटरजवळचं ते टर्मिनल कुठे आहे? तुमच्या मीटरखाली आहे? बघा एकदा.

आणि हे कुठे चाललं आहे? चंद्रपुरात! २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आपल्या उशाला आहे. कोळसा आपला, राख आपल्या छातीत, उजेड साऱ्या महाराष्ट्राला. आणि आपल्या वाट्याला वरचं भोक रिकामं. मीटर बसवायला माणूस येतो, रीडिंग घ्यायला येतो, थकबाकी झाली की तोडायला तर धावत येतो. अर्थिंग तपासायला कोण येतो?

मागणी सरकारकडे करायचीच. तोवर एवढं करा:

१. पेटीमागे चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर तिचं इन्सुलेशन दुहेरी आहे, तिला अर्थिंग लागत नाही. लोखंडी पेटीच्या असेंबल्ड ॲम्प्लिफायरला लागतेच. तिसरी पिन तोडू नका.
२. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. नुसती एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही.
३. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाका. आपल्याकडच्या मे महिन्यात माती कोरडी ठाक होते आणि अर्थिंग नावालाच उरते.
४. आभाळ गडगडलं की पेटीची पिन काढा, सोबत डिशची केबलही. नुसतं बटण बंद करून वीज थांबत नाही. पण हे वादळ डोक्यावर येण्याआधी करा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये ठेवा.
५. गावातले बल्ब एकदम भगभगू लागले तर आधी मेन बंद करा. डीपीकडचा न्यूट्रल तुटला असेल तर घरात ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतं.

आणि येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: गावातल्या प्रत्येक मीटरजवळचं अर्थिंग वीज कंपनीने तपासावं आणि लेखी अहवाल द्यावा. अर्जाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे हवेत मारलेली हाक.

"विजेच्या धक्क्याने मृत्यू" ही बातमी चार ओळींची असते. त्यात नाव, वय, गाव, आकस्मिक मृत्यूची नोंद सगळं असतं. अर्थिंग होतं की नव्हतं, हे नसतं. पुढच्या वेळी ठाणेदाराला आणि अभियंत्याला पहिला प्रश्न हाच विचारा. मी तर विचारणारच आहे.