मूर्ती लहान

एका वाचक भगिनींच्या पत्राने या खेपेस आमचा विषय ठरवून टाकला आहे. नातवासाठी आणलेल्या चघळावयाच्या गोळ्यांच्या वेष्टनावर त्यांना बारीक अक्षरांत '१७१' हा आकडा दिसला. परदेशी राहणाऱ्या कन्येने कळविले की, हा पदार्थ युरोपात खाद्यवस्तूंतून हद्दपार झाला आहे. "मग आपल्याकडे तो अमृत आहे की काय?" असा त्यांचा रोकडा प्रश्न आहे. प्रश्न रोकडा असला, तरी उत्तर मात्र हप्त्याहप्त्यानेच द्यावे लागेल.

१७१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. पांढरीशुभ्र, पाण्यात न विरघळणारी भुकटी. भिंतीच्या रंगात ती असते, दंतमंजनात असते, औषधी गोळ्यांच्या आवरणात असते; आणि मिठाई, च्युइंगगम, केकवरील साखरेचा लेप यांना शुभ्रता यावी म्हणून खाण्यातही घालतात. पोषणाच्या दृष्टीने तिचे मोल शून्य. ती केवळ डोळ्यांसाठी आहे. हा मुद्दा वाचकांनी गाठीस बांधून ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

या भुकटीतील काही कण १०० नॅनोमीटरहूनही लहान असतात. 'नॅनो' हा शब्द 'बुटका' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आपल्याकडे तो एका छोट्या मोटारीने घरोघर पोहोचविला. मोटार गेली, शब्द राहिला. एका मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी.

मूर्ती लहान झाल्याने बिघडते काय? आमच्या हाताशी नेहमी खडू असतो, त्याचेच उदाहरण घेऊ. एक सेंटिमीटर बाजूचा खडूचा घन घेतला, तर त्याच्या सहाही पृष्ठांचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर भरते. त्याच घनाचे १०० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर वजन तसूभरही वाढत नाही, पण सर्व पृष्ठांचे मिळून क्षेत्रफळ ६० चौरस मीटर होते. चांगल्या ऐसपैस वर्गखोलीची फरशी त्याने झाकून निघेल. कोणत्याही पदार्थाची इतरांशी देवघेव चालते ती पृष्ठभागावर. शिवाय इतके लहान कण आतड्याच्या अस्तरातून पलीकडे जाऊ शकतात. खडूचा तुकडा जेथे अडतो, तेथे हा बुटका वाट काढतो.

म्हणून अतिसूक्ष्म ते सारे विषच, असे मात्र समजू नये. दुधातील केसीन या प्रथिनाचे गोळे पन्नासपासून काही शे नॅनोमीटरपर्यंतचे असतात, आणि दुधाच्या शुभ्रतेत त्यांचा मोठा वाटा आहे. ते पोटात गेले की पचून जातात. त्यांचे 'कण'पण तेथेच संपते. खरा प्रश्न आहे तो न विरघळणाऱ्या, न पचणाऱ्या कणांचा.

परीक्षेची जुनी रीत सरळ होती. पदार्थ कोणता, शुद्ध किती, आणि शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅमपर्यंत उंदरांना बाधा होत नाही, एवढे पाहावयाचे. मग त्या प्रमाणाच्या साधारण शंभराव्या हिश्श्यावर माणसाची मर्यादा बांधावयाची. सारा कारभार वजनाचा. सूक्ष्म कणांपुढे हा तराजू अपुरा पडतो. इटलीतील पार्मा येथे कचेरी असलेल्या युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने म्हणूनच २०१८ साली अन्न व पशुखाद्य या दोहोंतील अशा द्रव्यांसाठी निराळी परीक्षापद्धती घालून दिली आणि २०२१ साली ती सुधारली. तीत प्रथम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणांचा आकार आणि संख्या पाहतात. हे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. पुंजक्यालाच कण समजून मोजले, तर पुढचे सारे गणित फसले. नंतर कृत्रिम पाचकरसांची पाळी. आतड्यातील रसासारख्या द्रवात ३० मिनिटे ठेवल्यावर १२ टक्के किंवा त्याहून कमी भाग कणरूपाने उरला, तर पदार्थ लवकर विरघळतो असे धरून त्याची पुढील तपासणी बहुतांशी साध्या पदार्थासारखी करता येते. अधिक उरला, तर मात्र पेशींवरील प्रयोग आणि उंदरांना ९० दिवस खाऊ घालून इंद्रियांत काय साठले ते पाहणे, अशी लांबलचक वाट आहे.

या वाटेवरील एक गोष्ट आम्हांस विशेष उद्‌बोधक वाटली. पदार्थाने आनुवंशिक द्रव्याला इजा होते का, हे पाहण्यासाठी जीवाणूंवरची एक परीक्षा अनेक दशके प्रचारात आहे. परंतु जीवाणूची भिंत बहुधा या कणांना आत येऊच देत नाही. मग इजा दिसणार कोठून? अशा निकालावरून कणास निर्दोष ठरविणे म्हणजे परीक्षेस न बसलेल्या विद्यार्थ्यास उत्तीर्ण करणे होय. म्हणून नव्या पद्धतीत सस्तन प्राण्यांच्या पेशी घ्याव्या लागतात, आणि कण पेशींपर्यंत पोहोचला होता, हेही दाखवावे लागते.

आता १७१ ची हकीकत. अमेरिकेने १९६६ साली त्यास वजनाच्या १ टक्क्याच्या मर्यादेत परवानगी दिली. जागतिक तज्ज्ञसमितीने १९६९ साली, तो शरीरात शोषलाच जात नाही, सबब मर्यादेची गरज नाही, असे म्हटले. २०१७ साली फ्रान्समधील एका प्रयोगात हा रंग शंभर दिवस दिलेल्या काही उंदरांच्या मोठ्या आतड्यात कर्करोगपूर्व स्वरूपाचे बदल आढळले. फ्रान्सने १ जानेवारी २०२० पासून खाद्यपदार्थांतील त्याचा वापर थांबविला. मे २०२१ मध्ये पार्माच्या प्राधिकरणाने मत दिले : शोषण अत्यल्प असले, तरी शोषलेले कण शरीरात साठू शकतात, आनुवंशिक द्रव्यास इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, सबब सुरक्षित मात्रा ठरविता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये बंदीचा कायदा झाला आणि सहा महिन्यांची सवलत संपून ऑगस्टपासून ती पूर्णपणे अमलात आली. उलटपक्षी, जागतिक समितीने २०२३ साली पुन्हा तपासणी करून आपले जुनेच मत कायम ठेवले. कॅनडाच्या तज्ज्ञांनाही बंदीइतका पुरावा दिसला नाही.

'दोष सिद्ध झाला' आणि 'निर्दोषत्व सिद्ध झाले नाही' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. युरोपचा निर्णय दुसऱ्या प्रकारचा आहे. आमचे मत विचाराल, तर संशयाचा फायदा रंगाला नव्हे, मुलाला मिळावा. अंगाच्या वजनाच्या मानाने हा रंग सर्वांत अधिक पोटात जातो तो मुलांच्याच, आणि बदल्यात त्यांना मिळते काय, तर पांढरेपणा! औषधांतून युरोपने तो काढला नाही, यातही विसंगती नाही. तेथे आवरणाचा काही उपयोग आहे. आपल्या देशात हा रंग नियमांनी मान्य आहे, तेव्हा दुकानदाराने गुन्हा केलेला नाही. भगिनींनी ती पुडी मात्र पुन्हा आणू नये. एरवीही त्यात आणण्यासारखे फारसे नसते.

पशुखाद्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. युरोपने नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथूनही हा रंग काढला. माणूस एक दिवस गोळी खाईल, दुसऱ्या दिवशी खाणार नाही. गोठ्यातील जनावर मात्र एकच मिश्रण रोज खाते. म्हणून तेथील परीक्षा चौपदरी असते : खुद्द जनावर, त्याचे दूध-मांस खाणारा माणूस, खाद्य कालविताना धूळ नाकात घेणारा मजूर, आणि शेणावाटे जमिनीत जाणारा अंश. या तिसऱ्या माणसाची आठवण कोणी ठेवली, हे वाचून आम्हांस बरे वाटले. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२० मध्ये शेती व अन्नातील अशा सूक्ष्म द्रव्यांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तथापि युरोपात डिसेंबर २०१४ पासून मुद्दाम घडविलेल्या सूक्ष्म घटकांपुढे 'नॅनो' हा शब्द छापावा लागतो, तर आपल्या वेष्टनावरच्या १७१ वरून कणांच्या आकाराचा काहीच बोध होत नाही.

जाता जाता घरच्या वर्खाविषयी. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली नियम केला : चांदी हजारात ९९९ शुद्ध हवी, दर चौरस मीटरला वजन २.८ ग्रॅमपर्यंत असावे, आणि प्राणिज पदार्थाचा संबंध कोठेही येऊ नये. चांदीची घनता धरून हिशेब केला, तर या कमाल वजनाच्या वर्खाची जाडी सुमारे २७० नॅनोमीटर येते. शंभराच्या रेषेपासून हे फार दूर नाही. हलका वर्ख तिच्या अधिकच जवळ. खाद्यरंग म्हणून वापरावयाच्या चांदीविषयी पार्माच्या प्राधिकरणाने २०१६ साली, निर्णय देण्याजोगी माहितीच नाही, असे लिहून ठेवले आहे. काजूकतलीवरचा वर्ख जिभेवर मोडतो, तेव्हा त्याचे किती बारीक तुकडे होतात, हे हलवायास विचारण्यात अर्थ नाही. तो बिचारा कागदाच्या घडीतून वर्ख उचलतो आणि फुंकर घालून बसवितो.